घरच्या बायकांचं माप

आमच्या सासऱ्यांना सगळा बाजार ‘मापवाले’ म्हणतो. दुकान बायकांच्या आतल्या कपड्यांचं, त्यांच्या वडिलांच्या वेळचं, आणि तिथे टेप वापरत नाहीत. टेप आहे, गल्ल्याच्या खणात पडून आहे, पण तो काढलेला कोणी बघितला नाही. बाई दारातून आत आली की बाबा चष्म्यावरून एकदा बघतात, लगेच मान खाली घालतात आणि म्हणतात, “छत्तीस सी, डावीकडचा वरचा कप्पा.” खोका येतो, बाई ट्रायल रूममध्ये जाते आणि बाहेर येते ती तोंडात बोट घालून. लांबलांबून बायका येतात, येताना मैत्रिणींना आणतात, जादूचे प्रयोग बघायला आणावं तसं. बाबांना याचा भारी अभिमान. टेप आंधळ्यांना लागतो, असं ते म्हणतात.

लग्न ठरलं तेव्हा मला हे ऐकून गंमत वाटली होती. म्हटलं, चला, आयुष्यातली एक कटकट तरी मिटली. कसलं काय.

घरच्या बायकांसाठी नियम वेगळा होता. घरच्या बाईकडे बाबा बघत नाहीत. म्हणजे चहा मागतात, चष्मा कुठे ठेवला विचारतात, तब्येतीची चौकशी करतात, पण नजर आपली भिंतीवर. तिच्या मापाबद्दल बोलणं तर विचारूच नका. मग कपडे यायचे कसे? वर्षातून दोनदा बाबा घरी येताना खाकी कागदाचं एक पुडकं आणायचे आणि काही न बोलता सासूबाईंच्या कपाटावर ठेवायचे. त्यात सासूबाईंचे आणि माझे. मापं लग्नातली. माझं माप माझ्या आईने फोनवर सासूबाईंना कुजबुजत सांगितलेलं, सासूबाईंनी त्याहून हळू आवाजात पुढे पोचवलेलं: बत्तीस बी, म्हणजे घेर बत्तीस आणि कप बी. ते एकदा दुकानात पोचलं ते कायमचं. बदलायचं तर कोणीतरी तोंड उघडायला हवं होतं, आणि त्या घरात या विषयावर सगळे मिठाची गुळणी धरून बसलेले.

मी गाडी चालवायला शिकवते. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी, शेजारच्या सीटवर मी, माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक. दिवसभर लोकांना एकच सांगायचं, की समोरचं दिसतंय ना, मग दिसलं तसं वागा, नुसते बघत बसू नका. अंगात संयम नाही असं माझे शिकाऊ लोक म्हणतात. खोटं आहे. गरोदरपणात मी जेवढा संयम ठेवला तेवढा त्यांच्यातल्या एकालाही जमला नसता.

पोट दिसायच्या आधीच छाती जड झाली. संध्याकाळी घरी आले की आधी हुक सोडायचे, मग चपला. काखेखाली लाल रेघा, खांद्यांवर पट्ट्यांचे खड्डे. नवरा दुकानात गल्ल्यावर बसतो, त्याला म्हटलं, “अरे, मला मोठ्या लागणार आहेत. बाबांना सांग.”

“मी? मी काय सांगू बाबांना?”

“आकडा.”

“वेडी आहेस का?”

हाच माणूस दिवसभर अनोळखी बायकांना “ताई, कप नीट भरतोय का, पाठीला वर सरकत नाही ना?” असं बिनदिक्कत विचारतो. आणि स्वतःच्या बायकोचा आकडा वडिलांना सांगायचा म्हटलं की याची जीभ टाळूला चिकटते. दुसऱ्या दिवशी त्याने खिशातून एक जादा हुकांची पट्टी काढून दिली. ती पाठीमागे जोडली की घेर थोडा वाढतो. पाठीचा प्रश्न सुटला. पण मी काय पाठीने वाढत होते?

शेवटी कामावरून येताना मी सरळ दुसऱ्या दुकानात गेले. तिथल्या मुलीने टेप लावला, छातीखालून, मग छातीवरून, वर म्हणाली, अजून वाढेल ताई, थोडी जागा ठेवून घ्या. दोन घेतल्या. आठवडाभर मी माणसासारखा श्वास घेतला. मग त्या दुकानाचा मालक व्यापाऱ्यांच्या बैठकीत बाबांना हसत हसत म्हणाला, “मापवाले, सूनबाई आमच्याकडे आल्या होत्या. घरी टेप नाही वाटतं?”

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मला कोणी एक शब्द बोललं नाही, हीच त्या घराची रीत. सासूबाई फक्त एवढंच म्हणाल्या, “चारचौघांत नाक कापलं गेलं गं त्यांचं,” आणि वाळत घातलेल्या त्या दोन्ही ब्रा तारेवरून काढून घेऊन गेल्या. त्या ब्रा कुठे गेल्या, मला आजही माहीत नाही. मी रागाने रडले. पण गरोदर बाई रडली की तिला राग आलाय असं कोणी धरत नाही. नवऱ्याने मला पाणी आणून दिलं आणि म्हणाला, या दिवसांत होतं असं.

मुलगी झाली. माझ्यासारखीच आहे, भूक लागली की घर डोक्यावर घेते. मी दवाखान्यातून घरी आले तर कपाटावर पुडकं तयार. यावेळी त्यात दूध पाजायच्या ब्रा होत्या, पुढून कप उघडायला खटका असलेल्या. बाबांनी आठवणीने पाठवल्या म्हणून सगळ्यांना कोण कौतुक. मी उलटून लेबल बघितलं. बत्तीस बी.

तरी मी घातल्या. हे लिहितानाही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, पण घातल्या. काहीच घालू नये तर दुधाने गाऊन भिजायचा आणि सासूबाई लगबगीने येऊन माझ्या खांद्यावर टॉवेल टाकायच्या, “घरात पुरुषमाणसं वावरतात” म्हणून. कप उघडला तरी त्याची कडा खालून तशीच रुतलेली राहायची. पोरगी प्यायची, वरचं रिकामं व्हायचं, खालचं दगडासारखं. मला वाटलं, पहिलं बाळ आहे, असंच असेल.

मग एका सकाळी उठले तर डाव्या छातीला खालच्या बाजूला लालभडक चट्टा, हात लावू देईना, आणि दात वाजतील एवढा ताप. नवरा मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला आणि स्वतः बाहेर बाकावर बसला. डॉक्टरीणबाईंनी ब्रा काढायला लावली. चट्टा बरोबर कडेच्या रेघेवर होता. त्यांनी ब्रा हातात घेतली, ताणून बघितली, लेबल वाचलं.

“ही कोणी दिली तुम्हाला?”

“घरचं दुकान आहे.”

“मापवाल्यांच्या सूनबाई का तुम्ही?”

“हो.”

“मीपण तिथूनच घेते,” त्या म्हणाल्या. ब्रा टेबलावर ठेवली, पेनाच्या टोकाने जरा लांब सरकवली.

त्यांनी समजावून सांगितलं ते स्वच्छ होतं. घट्ट कडेने दिवसरात्र दाबून ठेवलं, तिथलं दूध अडकलं, सूज आली, त्यातून ताप. औषध द्यायचं. बाळाला पाजणं थांबवायचं नाही, दुखऱ्या बाजूनेसुद्धा पाजायचं, बाळाला त्याने काही होत नाही. थांबवलं तर आणखी तुंबेल. गाठ रगडायची नाही, गार कापड ठेवायचं. आणि आधार हवा तर असा कपडा घालायचा की खालच्या पट्ट्यातून दोन बोटं सहज जातील आणि दूध भरलं तरी कप कुठे रुतणार नाही. “हे ऐकलं नाहीत,” त्या म्हणाल्या, “तर आत पू होईल आणि मला चीर द्यावी लागेल. मग या बाजूने पाजणं राहिलं बाजूलाच.”

घरी येताना मी नवऱ्याला हे शब्दन् शब्द सांगितलं. दुपारी तो जेवायला आणि बाबांचा डबा न्यायला आला तेव्हा डब्याच्या पिशवीतून, रिकाम्या डब्याखालून, एक नवी ब्रा निघाली. बाबांची नजर चुकवून आणली होती. चौतीस बी.

“एक नंबर मोठी आणलीये,” तो म्हणाला. चेहऱ्यावर असा भाव, की मोठा पराक्रम गाजवून आलाय.

मी ती घालून बघितली. कडा चट्ट्यावर बसली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

मी ओरडले तशा सासूबाई आत आल्या. हातात बाटली, पावडरचं दूध कालवून. पोरगी भुकेने लाल झालेली. “हे बघ,” त्या म्हणाल्या, “आता पुरे झालं. तुझे हाल, पोरीचे हाल. सोडून दे अंगावरचं. आमच्या घरात बायकांना हे झेपतच नाही. मलाही नव्हतं आलं दूध. तुझा नवरा बाटलीवरच वाढला ना? काय कमी झालं त्याला?”

काय कमी झालं ते सांगायची मला फार इच्छा झाली. तो दारातच उभा होता, पिशवी हातात घेऊन.

मला दूध येत होतं. भरभरून येत होतं, गाऊन भिजत होता, उशी भिजत होती. ते पोरीच्या पोटात जायच्या आधी मधे एक बत्तीस बी अडवून बसली होती, आणि ती हलवायला या घरात कोणी तयार नव्हतं. सोपं काय, तर पोरीला बाटली द्यायची आणि म्हणायचं, हिलाही झेपलं नाही. मी पोरीला घेतलं, दुखऱ्या बाजूलाच लावलं, आणि ती ओढायला लागली तेव्हा दातओठ खात नवऱ्याला म्हटलं, “गाडीची किल्ली दे.”

“कुठे निघालीस? ताप आहे तुला.”

“खरेदीला.”

गोळीने ताप उतरला होता. गाडी मीच चालवली, कारण नवरा म्हणत होता घरीच बोलू, आणि घरी काय होतं ते मला माहीत होतं. सीटबेल्टचा पट्टा छातीवर येत होता, तो डाव्या हाताने पुढे धरून मी एका हाताने चालवत होते. शिकाऊ माणसाने असं केलं असतं तर मी त्याला गाडीतून उतरवलं असतं. नवरा शेजारी, सासूबाई मागे, पोरीला घेऊन. त्या का आल्या मला कळलं नाही. मी बोलावलं नव्हतं. “पोरीला एकटी कशी नेशील,” एवढंच म्हणाल्या. दुकानात त्या सहसा पाऊल टाकत नाहीत.

दुकानात एक बाई होती, जाडसर, हसतमुख, काउंटरवर खोके पसरून बसलेली. बाबांनी मला दारात बघितलं आणि नजर झटकन काउंटरच्या काचेवर नेली.

“काय झालं सूनबाई? घरी सगळं ठीक ना?”

“नाही.” मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. “मला दूध पाजायच्या ब्रा हव्यात. माझ्या मापाच्या.”

“घरी पाठवल्या आहेत.”

“त्यामुळेच ताप आलाय. डॉक्टर म्हणतात चीर द्यावी लागेल. माझं माप काय आहे, बाबा?”

खोके बघणाऱ्या बाईचा हात थांबला. नवरा मागून माझ्या कोपराला धरू बघत होता. मी कोपर सोडवलं.

“आपण घरी बोलू,” बाबा म्हणाले.

“घरी तुम्ही बोलत नाही. इथे बोलता. दारातून येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगता. मी पण दारातूनच आलेय. सांगा.”

मला वाटत होतं ते म्हणतील, मला काय माहीत. घरच्या बाईकडे मी बघत नाही, त्यामुळे मला माहीतच नाही. त्याला उत्तर मी गाडीतच तयार करून ठेवलं होतं. खणातला टेप काढून काउंटरवर आपटणार होते.

“छत्तीस डी,” बाबा काचेकडे बघत म्हणाले. “पाजायच्या. मागचा कप्पा, खालून दुसरा.”

अगदी नेहमीच्या आवाजात. मी तयार केलेलं सगळं तोंडातच राहिलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“दिसतं ते दिसतं.”

“कधीपासून?”

त्यांनी गप्प राहायला हवं होतं, पण कारागीर माणूस, त्यांना राहवेना. “सुरुवातीला चौतीस सी झालं. मग छत्तीस सी. बाळ झाल्यावर डी.”

“आणि पुडक्यात बत्तीस बी पाठवत होतात.”

“मग काय करणार?” बाबा म्हणाले, आणि खरं सांगते, त्यांच्या आवाजात तक्रार होती, जणू मीच त्यांना अडचणीत आणलं होतं. “मी तुमच्याकडे बघितलं असं दाखवायचं कसं, सूनबाई? माझ्या अब्रूचं काय?”

मला आयुष्यात इतका राग कधी आला नाही. न बघणाऱ्या माणसाला मी माफ केलं असतं. यांनी सगळं बघितलं होतं, माझं अंग महिन्यागणिक वाढताना बघितलं होतं, नंबरासकट, आणि आपण सज्जन दिसावं म्हणून मला आवळत ठेवलं होतं. “तुमची अब्रू राहिली बाबा,” मी म्हटलं, “आणि माझी छाती कापायची वेळ आली.” माझा आवाज चढला होता. रस्त्यावर ऐकू गेला असेल. जाऊ दे.

नवरा मागच्या कप्प्याकडे गेला, खालून दुसरा खोका काढला आणि माझ्यासमोर ठेवला. मी तो उचलला. पोरगी कुरकुरायला लागली होती, तिला घ्यायला वळले तर सासूबाई माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच.

“आणि माझं?” त्या म्हणाल्या.

“तुझं काय?” बाबांनी विचारलं.

“माप.”

“चौतीस बी.” बाबांनी मान वर न करता, क्षणभरही न थांबता सांगितलं.

काउंटरवरच्या बाईने सासूबाईंकडे बघितलं. नवऱ्यानेही बघितलं, बहुतेक जन्मात पहिल्यांदा. मी बघितलं. त्या अंगाला चौतीस बी कुठून होईल, हे कळायला मापवाले असायची गरज नव्हती. शेंबड्या पोराने सांगितलं असतं.

“ते लग्नातलं,” सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा बाबांनी मान वर केली आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. किती वेळ बघत राहिले. तोंड उघडलं, पण आकडा काही बाहेर येईना.

“राहू द्या,” सासूबाई म्हणाल्या. “आता नका बघू.”

त्यांनी पोरीला माझ्या हातात दिलं, गल्ल्याच्या आत हात घालून खण ओढला, टेप काढला आणि माझ्याआधी ट्रायल रूममध्ये गेल्या.

ती खोली म्हणजे एक आरसा, एक स्टूल आणि दाराला कडी. मी स्टुलावर बसले, नवी ब्रा चढवली. कडा कुठेच टेकली नाही. खालून दोन बोटं घालून बघितली, गेली. कप उघडून पोरीला दुखऱ्या बाजूला लावलं. दुखलं, चांगलंच दुखलं, पण ती ओढत राहिली तशी खालची गाठ जरा मऊ पडल्यासारखी वाटली. सासूबाई पाठमोऱ्या होऊन हुक सोडत होत्या. हुक सुटले आणि मी बघतच राहिले. खांद्यांवर बोट मावेल एवढे खड्डे, आणि पाठीवर एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत एक काळपट पट्टा, घासून घासून कातडीच तशी झालेली.

“दुखत नाही, आई?”

“आता नाही.”

त्यांनी टेपचं एक टोक स्वतःच धरलं, दुसरं माझ्या मोकळ्या हातात दिलं. मी छातीखालून माप घेतलं, मग वरून. आरशात त्या माझ्याकडे नाही, पोरीकडे बघत होत्या.

“मला दूध आलं होतं गं,” त्या म्हणाल्या.

मी टेप तसाच धरून राहिले.

“हा झाला तेव्हा. चांगलं येत होतं. मग असाच लाल चट्टा आला, असाच ताप. मला कोणी डॉक्टरकडे नेलं नाही. यांच्या आईने बाटली आणून दिली आणि म्हणाल्या, हिला दूधच नाही. मी पण तेच म्हणत आले.” त्यांनी नाक ओढलं. “भिंतीला तोंड करून पिळून टाकायची मी. मोरीत. हा पलीकडे रडत असायचा.”

काय बोलायचं असतं अशा वेळी, मला माहीत नाही. मला समजूत घालता येत नाही. मला फक्त राग येतो, आणि तो इतका आला की टेपवरचे आकडे दिसेनात. डोळे पुसून मी पुन्हा नीट वाचले. मग पोरीला तशीच छातीशी धरून, कोपराने कडी काढून दार किलकिलं केलं आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडले, “चाळीस डी.”

“कोणासाठी?” नवऱ्याने बाहेरून विचारलं.

“तुझ्या आईसाठी.”